मदत हवी आहे: बार हार्बरला दोनच पहाटा हाताशी, सूर्योदय कुठून पाहावा?

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी आणि बायको गाडीने अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्याला चाललोय. मंगळवारी रात्री पोर्टलंड, बुधवारी दुपारी बार हार्बर, शुक्रवारी सकाळी परत. म्हणजे गावालगतच्या अकेडिया नॅशनल पार्कसाठी पहाटा दोनच, गुरुवारची आणि शुक्रवारची.

जायचं खरं कारण सूर्योदय. ही पश्चिम किनाऱ्यावर वाढली, समुद्र कायम मावळतीला. सूर्य पाण्यात बुडताना तिने शेकडो वेळा पाहिलाय, पाण्यातून वर येताना एकदाही नाही. जूनमध्ये तिचा घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टरमध्ये होती, तेव्हा पडल्या पडल्या नकाशे बघत तिनेच ही जागा शोधली. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेतला पहिला सूर्योदय या पार्कातल्या कॅडिलॅक डोंगरावरून दिसतो असं वाचल्यापासून तिच्या डोक्यात तेच आहे. मला हे नीट जमवायचंच आहे.

घोटा आता बरा आहे, पण पूर्ण नाही. सपाट रस्त्यावर अर्धा-पाऊण तास चालते, मग सूज येते. सुट्टे दगड आणि चढ डॉक्टरांनी बंद केलेत.

कॅडिलॅकवर गाडी न्यायला वेळेचं आरक्षण लागतं, ते ऑनलाइनच मिळतं, गाडीमागे ६ डॉलर. पार्कचा प्रवेश वेगळा, पण आमच्याकडे वार्षिक पास आहे. ९० दिवस आधी जी आरक्षणं खुली होतात त्यातली सूर्योदयाची आम्ही पाहिली तोवर संपली होती. उरलेली दोन दिवस आधी सकाळी दहाला सुटतात. म्हणजे गुरुवारसाठी मंगळवारी आणि शुक्रवारसाठी बुधवारी, आणि दोन्ही वेळा आम्ही गाडीत असणार.

तर विचारायचंय ते असं. कोणत्या दिवसासाठी प्रयत्न करू? आरक्षण नाहीच मिळालं तर फार न चालता समुद्रावरचा सूर्योदय कुठून दिसेल? आणि ओहोटीला बार बेटावर चालत जाता येतं म्हणतात, ते या घोट्यावर झेपेल का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी जरूर लिहा.

वाटसरू:

आधी गुरुवारचा प्रयत्न करा. ते नाही मिळालं तर शुक्रवार हाताशी राहतो. दहाच्या आत गाडी एखाद्या थांब्यावर उभी करा आणि पाच मिनिटं आधी लॉगिन करून बसा. चालत्या गाडीत वहिनींनी फोनवर करायचं म्हटलं तर ऐन वेळी रेंज जाते. आरक्षणाचा क्यूआर कोड आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, डोंगरावर सिग्नलचा भरवसा नाही. सूर्योदयाचं आरक्षण सात दिवसांत एकदाच मिळतं, तेव्हा विचार करून वापरा.

घोट्याची काळजी तिथे नाही. साधारण साडेतीन मैलांचा वळणांचा रस्ता थेट माथ्यापर्यंत जातो आणि वर फरसबंद वाट आहे. काळजी वाऱ्याची. उंची १,५३० फूटच, पण उघडा ग्रॅनाइटचा माथा, आडोसा म्हणून नाही. आम्ही गाडीतलं पांघरूण काढून डोक्यावरून घेतलं होतं.

खारेवारे:

मी थोडं वेगळं सांगते, आणि हे वहिनींसाठी. त्यांना समुद्रातून उगवणारा सूर्य हवाय ना? कॅडिलॅकवरून सगळं उंचावरून दिसतं, खाली फ्रेंचमन बे, त्यातली पॉर्क्युपाइन बेटं, पलीकडे स्कूडिकचा भूभाग. सुंदरच आहे. पण पाणी पायाशी नसतं.

ओशन पाथला जा. सँड बीचपासून ऑटर पॉइंटपर्यंत दोनेक मैलांची पायवाट, गाडीरस्त्याला जवळजवळ चिकटून. सगळी चालायची गरजच नाही. वाटेत थंडर होल म्हणून लाटा आदळणारी खडकातली कपार आहे, तिथे गाडी लावा, थोडी पावलं टाकली की समोर मोकळा समुद्र. तुम्ही जाताय तेव्हा सूर्य पूर्वेच्या किंचित दक्षिणेला उगवतो, म्हणजे तिथून सरळ पाण्यातून. आरक्षण लागत नाही. पहिला उजेड गुलाबी ग्रॅनाइटवर पडतो तेव्हा खडकाचा रंग मिनिटामिनिटाला बदलताना दिसतो. बोल्डर बीचच्या गोल धोंड्यांवर मात्र उतरू देऊ नका, ते पायाखाली फिरतात. (आणि तिथला दगड उचलून आणायला मनाई आहे, आठवण म्हणूनसुद्धा.)

पार्क लूप रोड तिथे एकेरी आहे. जागा चुकली तर मागे वळता येत नाही, भलामोठा वळसा पडतो. सूर्योदय पावणेसातच्या आसपास, तुम्ही सहालाच पोचा.

बार बेटाचं म्हणाल तर या खेपेला नको. ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास वाट उघडी असते, पण ती वाट म्हणजे खडी, शिंपले आणि ओलं शेवाळ. परतताना घोटा दुखून चाल मंदावली आणि भरती चढू लागली तर पुढच्या ओहोटीपर्यंत बेटावरच बसावं लागेल. गावाच्या टोकाला उभं राहून वाट उघडताना बघा, तेही छान असतं. त्यापेक्षा जॉर्डन पाँडला जा, काठावर बसून समोर बबल्स नावाच्या जोडटेकड्या दिसतात. तिथले पॉपओव्हर (फुगलेले पोकळ पाव) प्रसिद्ध आहेत, फक्त त्यात अंडं असतं, चालत नसेल तर लक्षात असू द्या.

धागाकर्ता:

दोघांचे मनापासून आभार. खारेवारे, तुमचा प्रतिसाद हिला वाचून दाखवला. "पाणी पायाशी" ऐकल्यावर तिने फोन माझ्या हातातून घेऊन ती जागा नकाशावर मोठी करून पाहिली. ठरलं. गुरुवारी थंडर होल, आरक्षण असो-नसो. कॅडिलॅकसाठी बुधवारी सकाळी दहाला थांबून शुक्रवारचा प्रयत्न करू, मिळालं तर दोन्ही. बार बेट रद्द. ती थोडी हिरमुसली, पण वाट उघडताना बघायला जाऊच.

एक राहिलंच, थंडर होलच्या पार्किंगपासून खाली पाण्याजवळ जायला पायऱ्या किती आहेत? आणि त्यांना धरायला कठडा आहे का? अंधारात उतरायचंय म्हणून विचारतोय.

वाटसरू:

कठडा आहे. पण भरतीला लाटा आदळल्या की पायऱ्या भिजून निसरड्या होतात. अंधारात खाली उतरूच नका, वर पायवाटेवरूनही समुद्र तसाच समोर आहे. विजेरी न्या, आणि वहिनींना बसायला घडीची खुर्ची.