रिकाम्या कॉम्प्युटरचं दान की परक्याची पीएचडी?

वागळे_इस्टेटवाला (धागाकर्ता)

काल वीजदरांच्या धाग्यावर एकाने पिंक टाकली: "घरचा कॉम्प्युटर रात्रभर चालवून विज्ञानाला हातभार लावणारे म्हणजे स्वतःच्या बिलावर परक्याची पीएचडी करून देणारे बावळट." खाली +१ ची रांग. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, लांबलं, म्हणून वेगळा धागा.

त्या बावळटांपैकी मी एक. संशोधक मोठं गणित लहान तुकड्यांत करून इंटरनेटवरून घरोघरच्या कॉम्प्युटरना वाटतात, मशीन ते सोडवून परत पाठवतं, असा हा उद्योग. टीम अकरा जणांची. ठाणे, कळवा, ऐरोली आणि एक पनवेलकर, जो स्वतःला नवी मुंबईकर म्हणवतो (चालू द्या). मी सेटी ॲट होम (परग्रहावरून कुणाचे रेडिओ संदेश येतात का ते शोधणारा बर्कले विद्यापीठाचा प्रकल्प) लावलं २००१ मध्ये, डायल-अपवर. फोन अडकवून एक वर्क युनिट (गणिताचा एक तुकडा) उतरवायचं, लाइन सोडायची, मग मशीन दीड-दोन दिवस दळत बसायचं. स्क्रीनवर रंगीत दांड्यांचा आलेख सरकत असायचा. बाबा ऑफिसमधून आले की चप्पल काढता काढता विचारायचे, "सापडला का कोणी?" नाही सापडला. ३१ मार्च २०२० ला बर्कलेवाल्यांनी नवं काम वाटणं बंद केलं आणि त्याच डिसेंबरात, जिथले संकेत आम्ही चाळायचो ती आरेसिबोची रेडिओ दुर्बीणही कोसळली.

पण म्हणून सगळंच पाण्यात? आइन्स्टाइन ॲट होम या अशाच दुसऱ्या प्रकल्पावर २०१० मध्ये नवा पल्सार (गरगर फिरत रेडिओचे ठोके देणारा मृत तारा) सापडला. तो पकडला आयोवातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीत माइन्झच्या एका माणसाच्या मशीनने, आणि श्रेयही त्यांना जाहीरपणे मिळालं. मार्च २०२० मध्ये आपण थाळ्या वाजवत होतो तेव्हा फोल्डिंग ॲट होमवर (प्रथिनं कशी दुमडतात-हलतात ते बघणारा प्रकल्प) इतकी माणसं आली की वाटायला काम पुरेना. माझं मशीन तासन्‌तास 'काम नाही' म्हणून बसायचं. नंतर त्याच घरगुती डबड्यांची बेरीज एक एक्साफ्लॉपच्या (सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतकी गणितं) वर गेली. तोवर एकाही सुपरकॉम्प्युटरने तो आकडा गाठलेला नव्हता. कोरोनाच्या स्पाइक प्रथिनाचा जबडा कसा उघडतो, ते त्यातून दिसलं.

टीम कशाला, हाही प्रश्न त्या धाग्यावर होता. गेल्या पावसाळ्यात टीममधल्या कळव्याच्या काकांचे पॉइंट (मशीनने केलेल्या कामाचे गुण) दोन दिवस हललेच नाहीत. लाइट गेली असेल म्हणून फोन केला, तर काका बाथरूममध्ये घसरून पडलेले, मांडीचं हाड मोडलेलं, शेजाऱ्यांनी नुकतंच हॉस्पिटलात नेलेलं. पुढचे आठ दिवस डबे आम्ही पोचवले. आता म्हणा बावळट.

खारीगाव_फाटक

ती पिंक माझीच होती. आणि 'बावळट' मागे घेत नाही.

काकांना बरं वाटो. पण त्यासाठी प्रथिनांच्या घड्या कशाला घालायला हव्यात? रोज 'सुप्रभात' पाठवणाऱ्यांचा ग्रुपही हेच काम करतो.

माझा मुद्दा साधा आहे. हे जर्मनीतल्या माणसाला परवडतं. त्याच्याकडे थंडीत मशीन तापलं की खोली उबदार. आपल्याकडे थंडी म्हणजे जानेवारीतले चार दिवस. मे महिन्यात मशीन खोली तापवणार, मग ती उष्णता बाहेर फेकायला एसी. म्हणजे एकाच कामाचे पैसे दोनदा.

आणि 'रिकामा कॉम्प्युटर' ही शुद्ध थाप आहे. मी लॅपटॉपवर सहा महिने लावलं होतं, अनुभवाने बोलतोय. ट्रॅकपॅड एका बाजूने उचलायला लागला. मला वाटलं खाली बिस्किटाचा तुकडा अडकलाय. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडलं, तर बॅटरी पुरीसारखी फुगलेली, आणि पंख्यातून त्याने चिमट्याने जे काढलं तो गोधडीचा तुकडाच होता. म्हणाला, "साहेब, याच्यावर काय चालवता?" मी काय सांगू, कॅन्सरवर संशोधन?

सेक्टर१७ची

फाटकांशी सहमत, पण कारण वेगळं. ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरं उभी राहतायत. तिथे प्रत्येक वॅटचा हिशोब ठेवतात. तेच गणित तुमच्या दहा वर्षं जुन्या प्रोसेसरवर करणं म्हणजे बेस्ट सोडून घोडागाडीने ऑफिसला जाणं. वर प्रथिनाचा आकार ओळखणारी एआय प्रणाली, अल्फाफोल्ड २, आली २०२० मध्ये. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेलही ती बनवणाऱ्यांना गेलं. आता घरोघरी कसली घडी घालताय?

वागळे_इस्टेटवाला

ताई, नोबेलचा अर्धा वाटा डेव्हिड बेकरांना गेला, हे सोयीस्करपणे गाळलंत. रोझेटा ॲट होम, प्रथिनांचाच घरोघरी चालणारा प्रकल्प, त्यांच्याच प्रयोगशाळेचा. आमच्या मशीनमुळे नोबेल मिळालं असं म्हणत नाही, एवढा वेडा नाही. पण अल्फाफोल्ड बहुतेक वेळा फोटो देतं, फोल्डिंगवाले हालचाल बघतात. औषधाचा रेणू जिथे अडकवायचा ती खाच कधी कधी प्रथिन हललं तरच उघडते.

आणि डेटा सेंटरचे वॅट मोजतात, तसे पैसेही मोजतात. ते कोण भरणार?

फाटक, लॅपटॉपवर लावलंत हीच चूक. लॅपटॉपवर लावू नये हे टीममधलं शेंबडं पोरही सांगेल.

खारीगाव_फाटक

हो ना, मग टीममध्ये नव्हतो हीच माझी चूक!

माजी_खजिनदार

विषय निघालाच आहे तर सांगतो. मी सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बॉइंक (असले प्रकल्प चालवायचा प्रोग्रॅम) टाकलं होतं. मशीन तसंही सीसीटीव्हीसाठी चोवीस तास चालू. कुणाला काही त्रास नाही. दीड वर्षाने सेक्रेटरींच्या भाच्याने पाहिलं, आणि वार्षिक सभेत माझ्यावर 'बिटकॉइन काढतो' असा आरोप. खजिनदारपद गेलं. आजही लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे हर्षद मेहताकडे बघावं तसं बघतात.

मीटर_रीडर

खजिनदारसाहेब, दुःख कळलं, पण विचारलं होतंत का कुणाला? कॉमन मीटरची वीज तुमची एकट्याची नाही. अमेरिकेत जॉर्जियात एका कॉलेजच्या संगणकतज्ज्ञाने कॉलेजच्या मशीनवर असाच प्रोग्रॅम टाकला, तर त्याच्यावर फौजदारी खटला झाला. २००२ मध्ये प्रोबेशन, दंड आणि ८० तास समाजसेवेवर सुटला. तुमचं नुसतं पद गेलं.

माजी_खजिनदार

मग गणपतीत अकरा दिवस कॉमन मीटरवरून रोषणाई होते, तेव्हा कोण कोणाला विचारतं?

सेक्टर१७ची

गणपती सगळ्यांचा असतो.

माजी_खजिनदार

प्रथिनंही सगळ्यांची असतात, ताई.

पाचपाखाडी_जुना

:))) दंडवत.

रोषणाईचं सोडा. आमच्याकडे सी विंगमधला एक जण स्टिल्ट पार्किंगच्या ट्यूबलाइटच्या प्लगवर स्कूटर चार्ज करतो. मी विचारलं तर म्हणे "दोन युनिट लागतात, काका". दोन युनिट रोजची! महिन्याला साठ! हे खजिनदार निदान विज्ञान तरी करत होते.

मीटर_रीडर

स्कूटरसाठी वेगळा मीटर घेता येतो. सोसायटीची परवानगी लागते, आणि घोडं तिथेच अडतं. आमच्या कमिटीने अर्ज आठ महिने फाइलमध्ये ठेवला. कारण काय, तर अर्जावर सहसदस्याची सही नाही. सहसदस्य म्हणजे माझी आई, वय ८४, तिला स्कूटर म्हणजे बजाजच माहीत.

पाचपाखाडी_जुना

म्हणजे तोवर ट्यूबलाइटचा प्लग?

मीटर_रीडर

मी कुठे असं म्हटलं? वैयक्तिक होऊ नका.

घोडबंदर_हायवे

सगळे भांडताय, पण मुद्द्याचं कोणी बोलत नाही: स्लॅब! आमचं बिल २८५ युनिटचं. यांचं ऐकून महिन्याला २५ युनिट वाढले की ३०० च्या वर, आणि मग सगळं बिल वरच्या दराने. विज्ञानाच्या नादात घर बुडायचं.

मीटर_रीडर

हे चुकीचं आहे आणि दर वेळी कोणीतरी हेच लिहितं. ३०० च्या वरची १० युनिटंच वरच्या दराने लागतात, खालची ३०० जुन्याच टप्प्यांनी. बिलाच्या मागे छापलेलं असतं. आयुष्यात एकदा बिल उलटं करून बघा.

घोडबंदर_हायवे

बघितलं. बरं. पण वाढतं ते वाढतंच की.

वागळे_इस्टेटवाला

धागा विज्ञानाचा होता, याची नम्र आठवण.

पण वाढतं किती, ते सांगतो. काल रात्री प्लगमध्ये लावायचा मीटर लावून मोजलं. डेस्कटॉप नुसता चालू: ४८ वॅट. बॉइंकसह सगळे कोअर कामाला: १३१ वॅट. फरक ८३. रोज दहा तास धरले तर महिन्याला साधारण २५ युनिट. म्हणजे दीड टनाचा एसी तीन-चार रात्री. तेव्हा फाटकांचा 'थाप' हा शब्द झोंबला, पण 'रिकामा कॉम्प्युटर' म्हणणं मी आजपासून बंद करतो. तो रिकामा नसतो. मी पैसे देतो आणि तो राबतो. इतकी वर्षं बायकोला "तसंही चालूच असतं" सांगत आलो, तिच्या हाती हा धागा लागू नये.

आता निम्मेच कोअर लावलेत. एप्रिल-मेमध्ये बंदच ठेवणार.

खारीगाव_फाटक

म्हणजे मी बरोबर होतो.

वागळे_इस्टेटवाला

एप्रिल-मेपुरते.

कळव्याचे_काका

उशिरा वाचलं. माझ्या पडण्यावरून एवढा धागा झाला, धन्यवाद. पाय आता बरा, काठी लागते.

मी फोल्डिंग का लावतो हे टीमला सांगितलेलं नाही. आमच्या हिला पार्किन्सन्स होता. शेवटची चार वर्षं शर्टाचं बटण लावायला तिला दहा मिनिटं लागायची, आणि दुसऱ्याने लावलेलं चालायचं नाही. त्या आजारात एक प्रथिन चुकीचं दुमडून गोळा होतं, असं डॉक्टरांनी कागदावर पेनाने गिरवून दाखवलं होतं. ती गेल्यावर तिच्या खोलीतल्या मशीनवर लावलं. युनिट किती लागतात ते मोजलं नाही, मोजणारही नाही. माझ्या मशीनमुळे काही सापडेल असंही वाटत नाही. खोलीत रात्री पंख्याचा आवाज असतो, एवढंच.

सेक्टर१७ची

काका, आता यावर काय बोलणार. हे दर वेळी असंच होतं, मुद्दा मांडावा आणि कोणीतरी डोळ्यात पाणी आणावं. अल्फाफोल्डचं मत कायम आहे, पण तुमच्या मशीनबद्दल एक अक्षर बोलणार नाही.

माजी_खजिनदार

काका, माझ्याकडे एक जुना डेस्कटॉप पडून आहे, ऑफिसातून हाकललेला. घरच्या मीटरवर लावतो. सभेला विचारावं लागणार नाही.

पाचपाखाडी_जुना

बायकोला विचारावं लागेल.

खारीगाव_फाटक

बाकी चालू द्या. वागळे, तो प्लगचा मीटर घेतलात कुठे? गोखले रोडला दोन दुकानांत विचारलं, दोघांनीही टेस्टर काढून दाखवला.