विषय: रे: रे: टॅबलेट, शनिवारच्या आत सांगा

खजिनदार:
मंडळी, गावाकडच्या शाळेला पाठवायच्या टॅबलेटचं अर्जंट आहे. शनिवारी काका ते घेऊन पुण्याला निघतायत आणि काल रीसेट मारल्यावर १४ पैकी ९ टॅबलेट जुन्या शाळेचं लॉगिन मागून तिथेच अडकलेत. ज्यांनी दिले त्यांचा आयटीवाला ऑगस्टपर्यंत सुट्टीवर, फोन उचलत नाही. पाचच पाठवू का?

शाळा समिती:
दादा, एकही नको. तो लॉक शाळेतले गुरुजी तिकडे कसा काढणार? मागच्या प्रिंटरचं आठवतंय ना, टोनर सोलापुरातसुद्धा मिळाला नव्हता. गुरुजींनी प्रोजेक्टर आणि इन्व्हर्टरची बॅटरी मागितली होती, टॅबलेट आपल्याला फुकट मिळाले म्हणून आपणच ठरवले. पेरू देशाने ८ लाखांवर लॅपटॉप वाटले आणि २०१२च्या पाहणीत गणित-भाषेत काही फरक दिसला नाही, बऱ्याच शाळांत नेटच नव्हतं. उरुग्वेने २००७पासून लॅपटॉपसोबत शाळेत नेट आणि दुरुस्तीची सोयही केली, म्हणून तिथे ते टिकलं. आणि शाळेचे विषय आधी समितीकडे यावेत असं मार्चच्या सभेत ठरलंय.

उप्सालाचे काका:
अहो इथलं स्वीडनचं सरकारच पुस्तकांकडे परत चाललंय, २०२३ला पुस्तकांसाठी ६८.५ कोटी क्रोनर दिले. माझी नात तिसरीत आहे, टॅबलेटवर सुंदर टाइप करते पण हाताने चार ओळी लिहिताना तिचा हात दुखतो, मला फार वाईट वाटतं. इथे नको झालेलं तिकडे का पाठवायचं?

माल्मोच्या वहिनी:
काका, ही तुलना मला पटत नाही. इथल्या पोराच्या घरात पुस्तकं आहेत, कोपऱ्यावर लायब्ररी आहे. आमच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड लावले, कन्नड बोलणाऱ्या पोरांसाठी पुस्तकं त्यांच्या भाषेत केली, २०२०चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांनाच मिळाला. आता बालभारतीच्या पुस्तकांतही कोड आहेत. तो कोड स्कॅन करायला काहीतरी हातात हवं ना! पोरांच्या घरात एकच मोबाइल, तो बाप शेतावर घेऊन जातो.

उप्सालाचे काका:
वहिनी, ते गुरुजी त्याच शाळेत रोज शिकवत होते, त्यांना काय हवंय ते ठाऊक होतं. आपण स्टॉकहोममधून ठरवतोय. माझं म्हणणं तेवढंच.

शाळा समिती:
मी आत्ता आपल्या शाळेच्या गुरुजींशी बोलले. ते म्हणाले ताई, दोन द्या, एक माझ्याकडे आणि एक बाईंकडे, कोडचे व्हिडिओ आम्ही गावात नेट असताना उतरवून घेऊ आणि प्रोजेक्टरवर सगळ्या वर्गाला दाखवू. चौदांचं चार्जिंग कुठे करू, वर्गात प्लग एकच आहे म्हणाले. म्हणजे प्रोजेक्टर आधी. तो पुण्यातच घ्यायचा, बिल आणि वॉरंटी गुरुजींच्या शाळेच्या नावाने.

खजिनदार:
ठीक. मग उघडलेल्या पाचातले दोन देतो, पण एकाची काच तडकलीय. बाकीच्यांचा कॅमेरा आज कोणी तपासेल का? नाहीतर कोड स्कॅनच होणार नाही. ते माझ्या गॅरेजमध्ये आहेत, सातनंतर या.