मदत हवी आहे: आरव्हीची ब्लॅक टाकी रिकामी, तरी पॅनल 2/3 दाखवतं

टेक्सासमध्ये राहतो, ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायची आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर) सेकंडहँड आहे. ब्लॅक टाकी (टॉयलेटचा मैला साठवणारी) 30 गॅलनची. टाकी किती भरली ते सांगणारे सेन्सर जुन्या पद्धतीचे, म्हणजे टाकीच्या भिंतीतून आत गेलेले धातूचे स्क्रू. टाकी डंप (रिकामी) केल्यावरही पॅनलवरचा 2/3 भरल्याचा दिवा विझत नाही. ग्रे टाकीचं (सिंक-शॉवरचं पाणी साठवणारी) रीडिंग बरोबर येतं, त्यामुळे पॅनलवर संशय नाही.

एन्झाइम घालून, टाकी काठोकाठ भरून दोन रात्री ठेवली. बर्फ टाकून 60 मैल चालवलं, काडीचाही फरक नाही. टॉयलेटमधून वाँड (पाण्याचा फवारा मारणारी लांब नळी) घालून जेटने धुतली तेव्हा मात्र दोन दिवस रीडिंग बरोबर आलं, मग पुन्हा तेच. पेपर लवकर विरघळणाराच वापरतो, फ्लशला पाणी भरपूर, व्हॉल्व्ह डंपपर्यंत बंद. ब्लीच सुचवू नका, रबरी सीलची काळजी वाटते.

पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन सीवर कनेक्शन नसलेल्या पार्कांत दहा दिवस जायचंय, अंदाजावर चालणार नाही. टाकीखालचं कोरोप्लास्टचं (पन्हळी प्लास्टिकचं) आवरण एकदाच उघडायची तयारी आहे. उघडल्यावर नुसता तो स्क्रू बदलून भागेल, की बाहेरून चिकटवायचे सीलेव्हलसारखे सेन्सरच लावू? ज्यांनी लावलेत, त्यांचं रीडिंग दोन-तीन वर्षांनीही बरोबर येतंय का?