जैववैद्यकीय संशोधनाचं राज्यव्यापी जाळं : सोलापूरला फायदा की नुसती हमाली?

भुईकोट
अमेरिकेत आरोग्य संशोधनाचा सरकारी पैसा बऱ्यापैकी मोजक्या राज्यांतल्या बड्या संस्थांकडेच जायचा. म्हणून तिथल्या संसदेने १९९३ मध्ये मागे पडलेल्या राज्यांसाठी वेगळी योजना आणली. २००१ पासून तिच्यातून राज्यवार जाळी उभी राहिली. राज्यात एक मुख्य संस्था, भोवती लहान पदवी कॉलेजं. महागडी यंत्रं मुख्य ठिकाणी, पण वापरायला सगळ्यांना खुली. लहान कॉलेजच्या प्राध्यापकाला छोटं अनुदान, पोरांना उन्हाळी सुट्टीत प्रयोगशाळेत पगारी काम. आज २३ राज्यं आणि प्वेर्तो रिको त्यात बसतात.

असं महाराष्ट्रात का नको? आपलं वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चं, विद्यापीठ २००४ चं. पण वैद्यकीय कॉलेज नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखाली आणि सायन्स कॉलेजं केगावच्या सोलापूर विद्यापीठाखाली. सिव्हिलच्या मायक्रोबायोलॉजीतल्या निवासी डॉक्टरकडे नमुने आहेत, वेळ नाही. गावातल्या एमएस्सी मायक्रोच्या पोराकडे वेळ आहे, नमुने नाहीत. मग तो कडुनिंबाच्या पानांचा अर्क काढतो, ई. कोलाय जंतूंवर टाकतो आणि प्रोजेक्ट बांधून देतो. मागच्या बॅचने तुळस घेतलेली असते.

निवृत्त_प्रयोगशाळा
यंत्र येतं हो. ते चालवणारा येत नाही. ज्या कॉलेजात मी होतो तिथे अनुदानातून नमुने उणे ८० अंशांवर गोठवून ठेवणारा फ्रीजर घेतला. खरेदी मार्चएंडला, कारण पैसा परत जाईल. देखभाल करारासाठी वेगळी तरतूद नव्हती, जनरेटरची लाईन त्या खोलीपर्यंत ओढलेली नव्हती. सोलापूरचा मे महिना, त्यात लाईट जाणं-येणं. कंप्रेसर बसला आणि नमुन्यांचं पाणी झालं. कंपनीचा माणूस पुण्याहून यायचा खर्च कोणी द्यायचा यावर फाइल फिरत राहिली. मी निघालो तेव्हा त्या फ्रीजरवर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. जाळं केलंत तर असे फ्रीजर एकाऐवजी वीस होतील.

शिवाय देशभरातली यंत्रं बुक करायला आय-स्टेम पोर्टल आहेच. ते आधी वापरा.

भुईकोट
पोर्टलवर यंत्र दिसतं, सर. नमुना ड्राय आइसमध्ये पॅक करून तिथपर्यंत नेणार कोण आणि आलेला डेटा वाचायला शिकवणार कोण, ते पोर्टल सांगत नाही. जाळं म्हणतोय ते त्यासाठीच.

बार्शीकर
तुम्ही दोघंही यंत्रावरच अडलाय. आपल्या जिल्ह्यात जगाने दखल घेतलेलं काम आधीच झालंय. बार्शीची कॅन्सर नोंदणी १९८७ ची, ग्रामीण भागातली देशातली पहिली. गावोगाव जाऊन माहिती गोळा करायची, संशयित रुग्णाला बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात पाठवायचं, पाठीशी मुंबईचं टाटा. पुढे याच मंडळींनी शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचं धाराशिव) ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आला: एचपीव्हीची (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) एकच तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे उभं राहिलं गावात जाणाऱ्या माणसांवर. जाळं करायचं तर असल्या माणसांचा पगार आधी धरा, इमारत नंतर.

पूर्वभाग
त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही सांगा की. तुलनेच्या गटातल्या बायकांची मुद्दाम तपासणी केलीच नाही, त्यांना नेहमीच्या सरकारी सोयीवर सोडलं. त्यावरून संशोधकांवर टीका झाली.

माझी आई विड्या वळते. आमच्या गल्लीत अधूनमधून कोणीतरी फॉर्म घेऊन येतं. तंबाखू किती वर्षं हाताळताय, खोकला आहे का, मान दुखते का. रक्त घेतात, अंगठा घेतात, जातात. रिपोर्ट कधीच येत नाही. फॉर्म मराठीत, आई तेलुगू वाचते. आता दहा कॉलेजांची पोरं येणार, एवढाच फरक. संशोधन त्यांचं, बोट आमचं.

बार्शीकर
टीका झाली हे खरंय. तेव्हा ग्रामीण भागात नेहमीची सोय म्हणजे कसलीच तपासणी नव्हती, हा संशोधकांचा बचाव होता. मला तो अर्धाच पटतो. पण ताई, तुमची तक्रार सुट्या सुट्या अभ्यासांची आहे. आज प्रत्येक कॉलेजची नैतिकता समिती वेगळी, एकीने काय मंजूर केलं ते दुसरीला माहीत नाही, म्हणून एकाच गल्लीत चौघं येतात. अनेक केंद्रांच्या अभ्यासाला एकत्रित आढावा घेता येतो, आयसीएमआरच्या (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत तशी सोय आहे.

पूर्वभाग
समिती एक झाल्याने रिपोर्ट येतो असं कुठे लिहिलंय?

पांढरा_कोट
नाइट ड्युटीवरून लिहितोय, थोडक्यात. एमडीला प्रबंध सक्तीचा आहे. दर बॅचला तेच विषय, नमुना जेमतेम पुरेसा, मग ग्रंथालयात धूळ. सोलापूर, मिरज, लातूर, अंबाजोगाई, नांदेड, एवढ्या सरकारी कॉलेजांनी एकच विषय आणि एकच प्रोफॉर्मा घेतला तरी आकडेवारीत दम येईल. याला फ्रीजर लागत नाही. एक्सेल शीट आणि भांडकुदळ नसलेले पाच गाईड लागतात. दुसरी गोष्ट दुर्मिळ आहे.

निवृत्त_प्रयोगशाळा
आणि पेपरवर पहिलं नाव कोणाचं? मुख्य केंद्र पुण्यात असणार, नमुने आपले जाणार, आपल्या माणसाचं नाव शेवटच्या आभाराच्या ओळीत. केंद्राच्या अनुसंधान फाउंडेशनने २०२४ मध्ये ‘पेअर’ योजना आणली, तिथेही क्रमवारीतल्या वरच्या संस्था हब, म्हणजे मुख्य केंद्र, आणि राज्य विद्यापीठं स्पोक, म्हणजे त्यांना जोडलेली. मांडणीच तशी असते.

भुईकोट
म्हणूनच मी अमेरिकेचं उदाहरण दिलं. तिथे ज्या राज्यांना आधीच भरपूर पैसा मिळतो, ती या योजनेत बसतच नाहीत. आपल्याकडे राज्याच्या आत तोच नियम लावा. मुंबई-पुण्याच्या संस्थांनी शिकवायला यावं, पण पैसा त्यांच्या खात्यातून फिरू नये. मुख्य केंद्र सोलापूर, नांदेड किंवा जळगावला.

निवृत्त_प्रयोगशाळा
शिकवायला फुकट कोण येतं बे? बरं, तेही धरून चालू. टेक्निशियनची पदं कायम की अकरा महिन्यांच्या कंत्राटावर, तेवढं सांगा. कंत्राटी माणूस यंत्र शिकेपर्यंत त्याची ऑर्डर संपते आणि तो खासगी लॅबमध्ये जातो. आमच्याकडचा चांगला पोरगा असाच गेला, आणि त्याचं काय चुकलं?

भुईकोट
कंत्राटी असतील तर माझाही विरोध. पण सगळं जमल्याशिवाय सुरूच करायचं नाही, हे मला मान्य नाही. पांढऱ्या कोटांचा पाच कॉलेजांचा प्रबंध पुढच्या बॅचपासून करता येतो. विषय विडी कामगारांच्या छातीच्या तक्रारींचा घ्या. मिरज-लातूरकडे विडी नसेल, तर तिथले दुसरे धुळीत काम करणारे घ्या. प्रत्येकीला रिपोर्ट घरपोच, मराठी, तेलुगू, कन्नड, जी येईल त्या भाषेत, आणि तो पोचल्याची सही असल्याशिवाय प्रबंध स्वीकारायचा नाही.

पांढरा_कोट
सहीची अट गाईडला सांगायची हिंमत माझ्यात नाही. तुम्ही अधिष्ठात्यांना पत्र लिहा, मी मित्रांच्या सह्या आणतो.

पूर्वभाग
ती अट लिहून दिली तर गल्लीतल्या बायकांशी मी बोलेन. आणि सकाळी येऊ नका. तेव्हा कारखान्यात विड्या द्यायच्या असतात, उशीर झाला की माल नाकारतात. दुपारी तीननंतर या.