'मला डिप्रेशन आहे' हे मराठीत कसं सांगता?

धागाकर्ती :
मला डिप्रेशन आणि अँग्झायटी दोन्ही आहे. गोळी चालू आहे, नोकरीही करते. गावी आत्याला हे सांगायला गेले आणि अडले. 'नैराश्य' म्हटलं तर ती म्हणाली, "कशानं गं बाई?" 'चिंता' म्हटलं तर "कसली चिंता? तुला काय कमी आहे?" दोन्ही शब्दांना लगेच कारण विचारलं जातं आणि माझ्याकडे दाखवायला कारण नाही. तुम्ही घरी काय म्हणता?

प्रतिसाद :
'नैराश्य' आलंय 'निराश'वरून, त्यामुळे कसली तरी आशा होती आणि ती गेली, हा अर्थ त्यात बसलेलाच आहे. वर्तमानपत्रांनी तो आणखी घट्ट केला : नापास झाल्याच्या नैराश्यातून, कर्जाच्या नैराश्यातून. आजाराला असं एकच बोट दाखवण्याजोगं कारण असतंच असं नाही. 'उदासीन' तर मुळात तटस्थ, अलिप्त. म्हणून तर आपण 'प्रशासन उदासीन आहे' म्हणतो. 'अवसाद' हिंदीत चालतो, आपल्या बोलण्यात नाही. 'विषाद' गीतेच्या पहिल्या अध्यायाच्या नावातच आहे, पण अर्जुनासमोरही कारण सैन्य घेऊन उभं होतं. मला वाटतं 'डिप्रेशन' हाच शब्द ठेवावा. टायफॉइडला, बीपीला आपण कुठे मराठी शोधत बसतो?

प्रतिसाद :
मी समुपदेशनाचं काम करते. आमच्याकडे येणारं माणूस क्वचितच 'नैराश्य' म्हणतं. ते म्हणतं, मन लागत नाही. जेवणात चव नाही. पहाटेच जाग येते आणि मग पडून राहते. अंगात त्राण नाही. यातलं 'मन लागत नाही' मी नेहमी नीट ऐकते. आवडीच्या गोष्टीतूनही मन उडणं हे या आजाराचं मुख्य लक्षण आहे आणि सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ हे किंवा उदासपणा असेल, तर तपासून घ्यायलाच हवं.

अँग्झायटीसाठी तर मराठीत शब्दांची ददात नाही. धास्ती कशाची तरी असते. हुरहूर गोडही असू शकते. घालमेल बहुतेकदा निर्णयाच्या वेळी होते. पण 'जीव वरखाली होतो' याला कारण लागत नाही. "काही झालेलं नाही, पण सकाळपासून जीव वरखाली होतोय" हे वाक्य कोणालाही पुरेसं वाटतं. तुमच्या आत्यालाही तेच सांगून बघा.

प्रतिसाद :
शब्दापेक्षा मला वाक्य महत्त्वाचं वाटतं. 'मी निराश आहे' यात तो माझा स्वभाव होतो. 'मी डिप्रेशनमध्ये आहे' म्हटलं की खड्ड्यात पडल्यासारखं वाटतं आणि लोक 'बाहेर ये की' म्हणून वरून ओरडत राहतात. 'मला शुगर आहे' म्हणतो तसं 'मला डिप्रेशन आहे, गोळी चालू आहे' म्हणावं. मी ऑफिसात असंच सांगतो. त्याआधी बराच काळ रजेच्या अर्जात 'पित्त' लिहायचो. आपल्याकडे पित्त आणि 'बीपी लो' यांच्या आड किती जणांची मनं लपलेली आहेत, याचा कधी तरी विचार करा.

आणि एक वाक्प्रचार इथे यायलाच हवा : अंगावर काढणे. ताप अंगावर काढला म्हणजे औषधपाणी न करता तसाच सोसला. मनाच्या दुखण्याचं आपण बहुतेक सगळे हेच करतो आणि वर त्याला खंबीरपणा म्हणतो. 'दुखणं काढलं' हे निराळं. त्यात डॉक्टर येतो, पथ्य येतं, कोणी तरी उशाशी पेज आणून ठेवतं आणि माणूस त्यातून 'उठतो'. मला माझ्या आजारासाठी हे क्रियापद हवं आहे. 'नैराश्याशी झुंज' वगैरे नको, झुंजायला अंगात बळ असतं तर आणखी काय हवं होतं!

धागाकर्ती :
'दुखणं काढतेय' फार आवडलं. पण 'मानसोपचारतज्ज्ञ' म्हटलं की लोक अजूनही दचकतात. आमच्याकडे चिडवताना सरळ 'येरवड्याला पाठवा' म्हणतात.

प्रतिसाद :
ठाण्याच्या बाजूला 'ठाण्याला पाठवा' म्हणतात. पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, जिथे जिथे मनोरुग्णालय आहे त्या गावाच्या नावाचा टोमणा झाला आहे. तिथे बरे होऊन घरी गेलेल्यांना तो ऐकून काय वाटत असेल? मनोरुग्णांसाठीच्या १९१२च्या कायद्याच्या इंग्रजी नावातच ('ल्युनसी अ‍ॅक्ट') वेडेपणा होता. २०१७च्या कायद्यानं मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखाच विमा द्यायला सांगितलं. कायदा इतका पुढे आला, टोमणा तिथेच आहे. निदान आपल्या घरात तरी तो बंद करूया.

प्रतिसाद (समुपदेशक) :
एक फरक नोंदवते, कारण शब्दांची सरमिसळ झाली की माणूस चुकीच्या दारात जातो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस.नंतर मनोविकारांचं शिक्षण घेतलेला डॉक्टर, तो औषध लिहून देतो. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलून उपचार करतात. डिप्रेशनच्या गोळीचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. पहिल्या आठवड्यात 'फरक नाही' म्हणून ती सोडू नका आणि बरं वाटलं तरी डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. कुठे जावं हेच कळत नसेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.