मदत हवी आहे: हिब्रूतलं ‘शुद्ध’ म्हणजे चोख की सोवळं?

खडूफळा: लेख उद्या द्यायचाय आणि एका शब्दावर अडकलोय. हिब्रू बायबलमध्ये याजकांच्या (पुरोहितांच्या) वस्तूंना ‘शुद्ध’ म्हटलंय ते धातूबद्दल की विधीबद्दल? जाणकारांनी लवकर सांगा.

तळटीप: कुठली वस्तू? कुठला अध्याय? तिथे ‘शुद्ध’ला एकच शब्द नाही. दीपवृक्षाचं (मेनोरा, म्हणजे सात दिव्यांची समई) सोनं ‘ताहोर’, त्यात जळणारं जैतुणाचं तेल मात्र ‘झाख’.

अंजिरी: ताहोर म्हणजे सोवळं, तामे म्हणजे ओवळं. झालं काम.

तळटीप: नाही झालं. बायबलातल्या लेवीय या पुस्तकात (१०:१०) दोन वेगळ्या जोड्या आहेत: पवित्र-सामान्य आणि शुद्ध-अशुद्ध. आपलं सोवळं दोन्ही एकाच पाटावर बसवतं. महायाजकाची कपाळपट्टी बघा (निर्गम हे पुस्तक, २८:३६). पट्टी ‘ताहोर’ सोन्याची, तिच्यावर कोरलेला शब्द ‘कोदेश’, म्हणजे पवित्र.

डागवाला: आमचा धंदा सोनारकीचा. चोख सोनं मऊ असतं हो! दागिन्याला २२ कॅरटच बरं. तो दीपवृक्ष उभा कसा राहिला?

तळटीप: जोडकाम नव्हतं. ‘मिक्शा’, एकाच गोळ्यातून ठोकून घडवलेला. वजन एक किक्कार, साधारण ३४ किलो.

डागवाला: ठोकायला चोखच सोपं, मान्य. पण फांद्या वाकणारच.

रेवदंडेकर: तेलावरून आठवलं, आमच्याकडच्या बेने इस्राएलांना (कोकणातल्या ज्यूंना) शनिवार तेली म्हणायचे. शनिवारी घाणा बंद.

तळटीप: गंमत म्हणजे ‘झाख’ तेल घाण्याचं नव्हेच. अकराव्या शतकातला फ्रान्सचा भाष्यकार राशी म्हणतो, जैतुणं उखळात कुटायची, दळायची नाहीत, म्हणजे गाळ येत नाही.

खडूफळा: अहो, तेल राहू द्या! संदर्भ द्यायचा राहिला, माफ करा. लेवीय २४:४, ‘हा-मेनोरा हा-तेहोरा’, म्हणजे ‘तो शुद्ध दीपवृक्ष’ (तेहोरा हे ताहोरचंच स्त्रीलिंगी रूप). इथे सोन्याचं नावच नाही.

तळटीप: हे आधी सांगायचं ना राव! राशी दोन अर्थ देतो. एक, शुद्ध सोन्याचा म्हणून. दोन, दिवे लावण्याआधी राख काढून स्वच्छ केलेला. मी पहिला धरेन, कारण निर्गम २५:३१ मध्ये याच दीपवृक्षाचं सोनं ताहोर आहे.

अंजिरी: राख काढली म्हणजे सोवळंच की.

खडूफळा: बरं, ‘शुद्ध’ ठेवतो आणि खाली टीप देतो. पण दोनच वचनांपुढे भाकरींच्या मेजालाही हेच विशेषण आहे. त्याची राख कुठली?