किल्ल्याचं ठरवूया (फक्त किल्ल्याबद्दलच लिहा, गुड मॉर्निंग नको)

ए-१०३: कोजागिरीनंतर साधारण बारा दिवसांत वसुबारस. यंदा किल्ल्याला तीन ते सात वर्षांची बारकी पोरंही घ्यायची आहेत. दरवर्षी मोठी पोरं बांधतात आणि ही नुसती कडेला उभी. काका, कुठून सुरुवात करायची?

बी-२०२: जागेपासून. पार्किंगचा पूर्वेचा कोपरा चालेल, पण भिंतीला चिकटवून नको, ओल प्लास्टरमध्ये उतरते. वीतभर अंतर सोडा. खाली ताडपत्री अंथरा. चार बाय तीन फूट, उंची दोन फूट. याहून उंच केला तर लहानांचा हात माथ्याला पोचत नाही आणि मग परत मोठीच पोरं बांधतात.

सी-३०४: आत काय भरायचं? माझ्याकडे खोकी आहेत बरीच.

बी-२०२: खोकी नकोत काकू. दोन दिवसांत ओली होऊन बसतात आणि बुरूज खाली येतो. पस्तीस-चाळीस जुन्या विटा आणि दगड. गच्चीखालचा विटांचा ढीग मात्र मोठ्यांनीच हलवायचा, काठीने उलटून. पावसाळा संपता संपता तिथे विंचू हमखास असतो. पोरांना विटा झटकून झाल्यावरच बोलवा.

ए-२०१: त्यावर खताची पोती टाकू. सुतळीचं गोणपाट हल्ली मिळत नाही.

बी-२०२: भुसार दुकानात मिळतं, विचारून बघ. प्लास्टिकच्या पोत्यावर माती धरत नाही, पहिल्याच शिंपणात घसरते. गोणपाट मातीच्या पातळ काल्यात बुडवून, पिळून मग अंथरायचं. कडा मातीखाली दाबायच्या. उघडी सुतळी वाळली की पणतीने पेट घेते.

बी-१०४: लाल माती यवतेश्वर घाटातून भरून आणू का? गाडी आहे.

बी-२०२: घाट उकरायचा नाही. पुढे पठारावर तर अजिबात नाही, कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे. नर्सरीतून घे, सहा-सात घमेली पुरे. आणि शेतातली काळी माती आणू नका, ती वाळताना आकसते आणि तटाला बोटभर भेगा पडतात. मिळालीच तर निम्म्याला निम्मी लाल माती आणि दोन ओंजळी गव्हाचा भुसा मिसळा.

ए-१०३: मळणं पोरांकडे द्यायचं ना?

बी-२०२: तेच तर त्यांचं काम! आधी चाळा मात्र. काचा, खिळे निघतात. पाणी थोडं थोडं. मूठ दाबली तर आकार राहिला पाहिजे आणि बोटांतून पाणी गळता कामा नये. थर इंच-सव्वा इंच. जाड थापला की स्वतःच्या वजनाने उतरतो.

सी-३०४: हिरवळीचं मी सांगते. उभ्या उतारावर मोहरी टाकू नका, सगळी पायथ्याला गोळा होते. उतारावर हळीव. शंभर ग्रॅम पुरे. वीस मिनिटं भिजवलं की बुळबुळीत होतं आणि मातीला आपोआप चिकटतं. तीन वर्षांचं पोरही तळहाताने थापू शकतं. सपाट माचीवर मोहरी किंवा नाचणी. नाचणी हळू येते, दोन दिवस आधी टाका.

ए-१०३: कधी पेरायचं काकू?

सी-३०४: वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी. लवकर पेरलं तर ऐन पाडव्याला पिवळं पडून माना टाकतं. पहिले दोन दिवस ओलं सुती कापड झाकायचं, ऑक्टोबरच्या उन्हात कोंब करपतात आणि कबुतरंही टपलेली असतात. पाणी फवाऱ्यानेच, सकाळ-संध्याकाळ. मगने ओतलं की बी वाहून जातं. पोरं "एकदाच काका" म्हणून पाइप मागतील, द्यायचा नाही.

ए-२०१: परतीचा पाऊस आला तर? दुपारी चारनंतर भरवसा नाही.

बी-२०२: चार बांबू आणि वरून उतरती ताडपत्री, किल्ल्याला न टेकवता. टेकली की साचलेलं पाणी एका जागी पडून भगदाड पाडतं.

बी-१०४: प्रतापगड करूया ना, भारी दिसतो.

ए-२०१: या वयाला अजिंक्यतारा बरा. खिडकीतून दिसतो, वर गाडीरस्ताही आहे. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत पोरांना दाखवून आणू. दरवाजाचे दोन बुरूज आणि मंगळाईचं देऊळ एवढंच लक्षात ठेवायला सांगा. तेवढं केलं की पोरांना किल्ला ओळखू येतो. थोरल्यांना शाहू महाराजांचा १७०८ चा राज्याभिषेक सांगता येईल.

ए-१०३: पायऱ्या कशाने?

ए-२०१: आइस्क्रीमच्या काड्यांनी, माती अर्धवट ओली असताना. पाच-सहा वर्षांची करतात. तट मात्र मोठ्यांनी, दोन बोटं रुंद. जंग्या, म्हणजे तटातली बंदुकीची भोकं, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने.

सी-३०४: मावळे शेवटी मांडा. रोजच्या फवाऱ्याने मातीच्या चित्रांचा रंग उतरतो. महाराजांची मूर्ती तर वसुबारसेलाच बसवा. तीनच्या आतल्या पोरांसमोर बारीक तोफा, मणी ठेवू नका, सरळ तोंडात जातात.

ए-१०३: आणि कोजागिरीच्या दुधात काजू-बदामाचे तुकडे नकोत, पूड घाला. कुणाच्या पोराला सुका मेवा चालत नसेल तर आत्ताच कळवा, त्याचं दूध वेगळं काढू.

बी-३०१: आमच्या छोटीला बदाम चालत नाही.

ए-१०३: मग तिचं पातेलं आणि डाव दोन्ही वेगळे. ताडपत्री कुणाकडे आहे?

बी-१०४: माझ्याकडे, दहा बाय बारा. एका कोपऱ्याला भोक आहे.

बी-२०२: ती खाली अंथरायला घे. वरची धड लागेल.